चंदेरी पानांचा छोटा कंद बेळगावच्या हवेत कसा वाढवावा

डोंगरमाथ्यावर, बर्फ वितळल्यावर उगवणाऱ्या बुटक्या कंदांचे फोटो पाहून आपल्यापैकी बऱ्याच जणांना भुरळ पडते. वीतभर उंची, ठिपक्याठिपक्यांची पानं, एका लहानशा कुंडीत मावणारा संसार. मग शोधाशोध सुरू होते आणि हाती येते ती सगळी माहिती थंड देशांतली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला त्यातलं निम्मं लागूच पडत नाही. तिकडचे लोक कंदाला थंडीपासून कसं वाचवायचं ते सांगतात. आपल्याकडे कंद वाचवायचा असतो तो जून ते सप्टेंबरच्या ओलीपासून. खालची प्रत्येक पायरी, लेडेबुरिया सोशियालिस या चंदेरी पानांच्या कंदासाठी, त्याच हिशेबाने लिहिली आहे. कुंडी कुठली, माती कशी, रोप कधी हलवायचं, हे सगळं शेवटी पावसाळ्यावरच येऊन थांबतं.

१. कंद कोणता घ्यायचा ते आधी पक्कं करा

खऱ्या थंड डोंगरी कंदांपैकी पानांसाठी नावाजलेला एक म्हणजे एरिथ्रोनियम डेन्स-कॅनिस. मध्य आणि दक्षिण युरोपातल्या डोंगरांचा हा रहिवासी. हिरव्या पानावर तपकिरी-जांभळट डाग, मधून एकच गुलाबी फूल. दुसरा सायक्लॅमेन कौम, काळ्या समुद्राच्या आसपासचा, पानावर चांदीची नक्षी. तो खरं तर पापुद्र्यांचा कंद नाही, भरीव गड्डा आहे, पण बाजारात कंद म्हणूनच विकला जातो. दोन्ही देखणे आहेत. पण एरिथ्रोनियमला हिवाळ्यात काही आठवडे फ्रीजच्या आतल्यासारखी सलग थंडी लागते, आणि उन्हाळ्यात त्याचा कंद पूर्ण वाळलेलाही चालत नाही. आपलं बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असलं आणि डिसेंबरात पहाटे शेकोटी पेटवावी लागत असली, तरी दुपारी ऊन चटका देतंच. ही थंडी त्या झाडाला पुरत नाही. फ्रीजमध्ये कंद ठेवून एखादं वर्ष पानं काढता येतात, पुढच्या वर्षी कंद सुकत जातो. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी लेडेबुरिया सोशियालिस घ्या. हा दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या कोरड्या, झुडपी माळांवरचा कंद. उंची चार-सहा इंच. पान चंदेरी, त्यावर गडद हिरवे डाग, आणि पान उलटं करून पाहिलं तर खालून जांभळं. कंदही जांभळट असतो आणि मातीच्या वर डोकं काढून बसतो, म्हणजे पानं नसतानाही कुंडी ओकीबोकी दिसत नाही. डोंगरी कंदात जे आवडतं ते सगळं यात आहे आणि याला बर्फ लागत नाही. उन्हाळ्यात पाऊस आणि हिवाळा कोरडा, अशा हवेतून तो आलेला असल्यामुळे आपलं ऋतुचक्र त्याला परकं वाटत नाही. फक्त आपल्याकडे पाऊस त्याच्या गरजेपेक्षा फारच जास्त पडतो.

याचा एक भाऊबंद आपल्याच भागात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सह्याद्रीतल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, आणि माळांवर पहिल्या पावसात जांभळट ठिपक्यांची पानं घेऊन जमिनीला चिकटून उगवणारा भुईकांदा, लेडेबुरिया रेव्होल्युटा, तो हाच. रॉथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये लेडेबुरिया ही प्रजात, म्हणजे नावाचा पहिला भाग सारखा असलेल्या झाडांचा गट, मांडली तीच मुळी भारतातल्या झाडावरून. खानापूरच्या पश्चिमेला फिरायला जाल तेव्हा तो जरूर पाहा, फोटो काढा, पण उपटून आणू नका. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, तिथलं रोप उकरणं गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरच्या सड्यावरही मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, एक कंद उकरला की आजूबाजूचे चार उघडे पडतात.

२. विकत घेताना फसू नका

नर्सरीत हे रोप वेगवेगळ्या नावांनी मिळतं. सिल्व्हर स्क्विल म्हणतात, लेपर्ड लिली म्हणतात, जुन्या पाट्यांवर सिला व्हायोलेसिया असंही लिहिलेलं असतं. सिला व्हायोलेसिया आणि लेडेबुरिया सोशियालिस हे एकच झाड, १९७० मध्ये त्याची प्रजात बदलली एवढंच. लेपर्ड लिली या नावावर मात्र विसंबू नका, त्या नावाने डिफेनबेकियासुद्धा गळ्यात मारला जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ड्रिमिऑप्सिस मॅक्युलाटाशी. ओळख सोपी आहे. ड्रिमिऑप्सिसचं पान रुंद असतं, त्याला खाली स्पष्ट देठ असतो, रंग पोपटी आणि त्यावर गडद ठिपके. पानामागे जांभळा रंग नसतो आणि कंद मातीखाली दडलेला असतो. तेही झाड चांगलंच आहे, आपल्याकडे तर जास्तच जोमाने वाढतं, पण ते हिवाळ्यात पानं टाकून झोपतं आणि त्याला चंदेरी झाक येत नाही. म्हणून नाव विचारत बसण्यापेक्षा सरळ पान उलटून पाहा.

मग कंद दोन बोटांत धरून हलकेच दाबा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर घ्या. बुडाशी मऊ लागला, पान ओढल्यावर सहज हातात आलं, किंवा मातीला आंबूस वास आला, तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या. वरची साल कागदासारखी वाळलेली असणं हा दोष नाही.

ऑनलाइन मागवत असाल तर बिया घेऊ नका. निळ्या-गुलाबी पानांचे फोटो लावून 'दुर्मिळ डोंगरी कंदाच्या बिया' विकणारे पुष्कळ आहेत. तसल्या रंगाची पानं या झाडाला येतच नाहीत. रोप किंवा कंदच मागवा, तोही ऑक्टोबर ते मार्च या काळात. जून-जुलैत निघालेलं पार्सल चार-पाच दिवस दमट खोक्यात राहतं आणि उघडल्यावर कुजका लगदा निघतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर देशातल्या नर्सरीकडून घेताना पावतीपलीकडे काही लागत नाही. पावती मात्र जपून ठेवा, रोप कुजलेलं आलं तर तीच उपयोगी पडते. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवला तर अजून बरं. परदेशातून मागवायचं असेल तर गोष्ट वेगळी. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे कंद देशात आणायला आयात परवाना लागतो, आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. 'पाकिटात घालून गुपचूप पाठवतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. पार्सल अडकतं, पैसे जातात, आणि नवी कीड आपल्या शिवारात यायची भीती असते ती वेगळीच. देशात मिळणाऱ्या झाडासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

३. काय काय जमवायचं

पसरट मातीची कुंडी, तोंड चार ते सहा इंच आणि खोली चार इंचांच्या आत. खाली बोट जाईल एवढं भोक हवं.

चाळण, दोन घमेली, खुरपं, जुना टूथब्रश, धारदार सुरी.

कौलाची किंवा विटेची खापरं, जाडी वाळू, लाल माती, पूर्ण कुजलेलं खत.

उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या. त्या कशाला ते पुढे येईल.

कुंडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे काटकसर केली की पुढे झाड जातं. आपल्याकडे खानापूरची मातीची भांडी आहेत, हे नशीबच समजा. कुंभारकामासाठी हे गाव नाव राखून आहे, तिथे कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्थाही आहे. साधी, रंग न लावलेली, भाजलेली कुंडी आपल्या अंगातून पाणी बाहेर टाकते. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला हात लावला की गार लागतो, तो त्यामुळेच. चकचकीत चिनी मातीची कुंडी किंवा प्लॅस्टिकची कुंडी ही ओल धरून ठेवते. ऑइलपेंट मारलेली मातीची कुंडीही त्याच जातीची. कोरड्या गावात ते खपून जातं, आपल्याकडे जुलैत खपत नाही. कुंड्या पावसाळ्याआधीच घेऊन ठेवा. पावसात कच्ची भांडी वाळत नाहीत, त्यामुळे कुंभाराचं काम थंडावतं आणि हवा तो आकार मिळत नाही.

आकाराचा मोह आवरा. 'झाड वाढेल' म्हणून मोठी कुंडी घेतली की मुळं नसलेल्या मातीत पाणी साठून राहतं. हा कंद दाटीवाटीत जास्त खूश असतो.

४. माती तयार करणं

परड्यातली माती उचलून कुंडीत भरू नका. शहर आणि खानापूरकडची लाल माती पावसात चिकट होते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. गोकाक, अथणीकडची काळी माती तर या कामाला अजिबातच घेऊ नये, ती पाणी सोडतच नाही.

प्रमाण असं ठेवा. जाडी वाळू दोन भाग, कौलाचा किंवा विटेचा चुरा एक भाग, चाळलेली लाल माती एक भाग, गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचं पूर्ण कुजलेलं खत एक भाग. नदीची वाळू सहज मिळत नाही, तेव्हा बांधकामावरची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते. पण तिच्यात दगडाची बारीक भुकटी फार असते. घमेल्यात वाळू घेऊन पाणी ओता, हाताने ढवळा, गढूळ पाणी फेका. पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत हे करत राहा. भुकटी राहिली तर ती खाली बसून कुंडीच्या तळाशी सिमेंटसारखा थर होतो आणि भोक असूनही पाणी निघत नाही. विटेचा चुरा तांदळाच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढा असावा, त्याहून बारीक चाळून टाका.

चुरमुऱ्याच्या भट्टीवरून किंवा भात गिरणीतून अर्धवट जळलेलं काळं तूस मिळालं तर मूठभर घाला, माती मोकळी राहते. पांढरी झालेली राख घेऊ नका, ती खारी असते. कोकोपीट शक्यतो टाळाच. नर्सरीवाले ते सगळ्यात घालतात, कारण त्यांना रोज पाणी मारणं परवडत नाही. आपल्या पावसाळ्यात तेच कोकोपीट ओल्या बोळ्यासारखं कंदाच्या बुडाला चिकटून राहतं.

शेणखत वापरायचंच असेल तर ते निदान वर्षभर कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. उसाच्या शेतात ती काय करते ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. चार इंचांच्या कुंडीत एक अळीही सगळी मुळं कुरतडायला पुरते.

माती झाली की तपासून पाहा. थोडी ओलवून मुठीत आवळा आणि मूठ उघडा. गोळा राहिला तर वाळू वाढवा, भुसभुशीत होऊन सुटली तर बरोबर. मग कुंडी भरून पेलाभर पाणी ओता. ते वर साचून न राहता लगेच खालच्या भोकातून वाहायला लागलं पाहिजे.

५. लावणी

उत्तम काळ संक्रांतीनंतरचा, फेब्रुवारी संपेपर्यंत. पावसाळा यायच्या आत मुळं धरायला तीन-चार महिने मिळतात. दुसरा काळ दसऱ्याच्या आसपास. मे अखेरीला किंवा पावसात लावू नका.

नर्सरीतलं रोप आणलं की आठवडाभर तसंच सावलीत राहू द्या. मग पिशवी फाडून कंद मोकळा करा. जुनी माती टूथब्रशने हलक्या हाताने झाडा. मुळं पांढरी आणि जाडसर असतील तर ती निरोगी आहेत. काळी, पिचपिचीत मुळं कापून टाका. सुटलेल्या कोरड्या साली काढा, घट्ट चिकटलेल्या राहू द्या.

भोकावर खापराचा वाकडा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. वर माती भरा आणि कंद असा बसवा की त्याचा निम्म्याहून जास्त भाग मातीच्या वर राहील. नवख्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. कांदा-लसूण लावायची सवय असल्यामुळे हात आपोआप कंद पुरून टाकतो. हा कंद पुरला की मान कुजते. फक्त मुळं आणि बूड मातीत, बाकी सगळं उघडं. कंद डुगडुगत असेल तर भोवती चार खडे ठेवा, महिन्याभरात मुळं पकडतात.

लावल्यावर लगेच पाणी घालू नका. चार-पाच दिवस थांबा. कापलेल्या मुळांवर तेवढ्यात खपली धरते. मग पहिलं पाणी भरपूर द्या.

एक इशारा. हा कंद विषारी आहे, खायचा नाही. दिसायला तो लहान सांबार-कांद्यासारखा असतो आणि घरातल्या एखाद्याने चुकून टोपलीत टाकायला वेळ लागत नाही. सुटे कंद स्वयंपाकघरात ठेवू नका, त्यांच्यावर चिठ्ठी लावा, लहान मुलं, मांजरं, कुत्री आणि शेळी यांच्यापासून लांब ठेवा. चीक लागून काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून कापताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा.

६. जागा आणि ऊन

सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि नंतर उजेडाची सावली. पूर्वेकडचा कट्टा, सोप्याची कड, ग्रिल लावलेली गॅलरी, सगळं चालतं. झाडच सांगतं की जागा बरोबर आहे की नाही. पानं लांब, लुळी आणि नुसती हिरवट व्हायला लागली तर उजेड कमी पडतोय. डाग फिके पडून कडा तपकिरी झाल्या तर ऊन जास्त होतंय. मार्च ते मे दुपारचं ऊन सोसत नाही, पश्चिमेच्या भिंतीलगत तर मुळीच ठेवू नका. संध्याकाळनंतरही ती भिंत तापलेली असते. पंधरा दिवसांनी कुंडी थोडी फिरवली की झाड एका बाजूला झुकत नाही.

७. पाणी आणि खत

'आठवड्यातून दोनदा' असला नियम विसरा. उदबत्तीची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचा, मिनिटभराने काढा. काडीला ओली माती चिकटली किंवा काडी गडद दिसली तर पाणी नको. कोरडी निघाली तर भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या आणि ताटली ओतून टाका. घोट घोट पाणी रोज देणं हे सगळ्यात वाईट, त्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं तहानलेली.

कोरडी कुंडी हातात उचलून तिचं वजन लक्षात ठेवा. काही दिवसांनी काडीचीही गरज उरत नाही, कुंडी उचलली की कळतं.

संक्रांतीनंतर झाड जागं होतं, होळीच्या सुमाराला पानांच्या बगलेतून फुलांचे दांडे येतात. फूल ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, घंटेसारखं, हिरवट, पाकळी मागे वळलेली आणि आत जांभळे केसर. दुरून काही दिसत नाही, कुंडी डोळ्यांजवळ धरून पाहायचं फूल आहे ते. या काळात महिन्यातून एकदा पातळ द्रवखत द्या, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात. युरिया टाळा, पानं मऊ होतात आणि पावसात तीच आधी सडतात. नोव्हेंबर ते जानेवारी खत बंद आणि पाणी पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरतं. थोडी पानं गळली तर घाबरू नका.

८. पावसाळा

आता मुख्य गोष्ट. आपल्या सीमाभागात सगळीकडे सारखा पाऊस नाही, त्यामुळे सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस कोसळतो. शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे जसजसं पूर्वेला जावं तसा तो उतरत जातो, आणि अथणी, रायबागकडे शहराच्या निम्म्याच्या आसपास येतो. अथणीकडच्या माणसाने कुंडी झाडाखाली ठेवली तरी चालेल, तिथे उन्हाची काळजी जास्त. पुढचं सगळं मुख्यतः बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यासाठी आहे.

एप्रिल-मेचा वळीव झाडाला आवडतो. एक-दोन सरी अंगावर घेऊ द्या, पानांवरची धूळ जाते. गारांची लक्षणं दिसली तर तेवढं आत घ्या, गारेचा घाव पानावर कायमचा राहतो.

मिरग निघायच्या आत, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तीन कामं उरका. एक, कंदांच्या सुटलेल्या कोरड्या साली काढून टाका. त्या पावसाळी हवेत पाणी शोषतात आणि कंदाभोवती ओलं फडकं गुंडाळल्यासारखी स्थिती होते. दोन, कुंडीचं भोक काडीने मोकळं करा, मुळांनी किंवा गाळाने ते बुजलेलं असतं. तीन, कुंड्या छपराखाली हलवा.

छपराखाली म्हणजे कुठे, हे नीट समजून घ्या. कौलारू घराच्या वळचणीला कुंडी ठेवली तर पागोळ्या थेट कंदावर पडतात, ते उघड्यापेक्षा वाईट. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि झड सोप्यात पार आतपर्यंत पोचते. म्हणून पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू निवडा आणि पागोळ्यांच्या रेषेपासून निदान तीन हात आत ठेवा. फरशीवर थेट ठेवू नका. दोन विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा म्हणजे खालून वारा खेळतो. ताटल्या चार महिने काढून टाका. बंद खोलीत किंवा काचेच्या कपाटात मात्र नेऊ नका. तिथे पाऊस लागत नाही, पण हवा कोंडते आणि पानांच्या बेचक्यात बुरशी धरते.

पाणी जवळजवळ बंदच. आर्द्रा-पुनर्वसूच्या दिवसांत हवेतच एवढी ओल असते की कुंडी दोन-तीन आठवडे वाळत नाही. काडीवर विश्वास ठेवा. 'बिचारं कोरडं पडलंय' म्हणून पाणी घालू नका. या झाडाच्या पोटातच पाण्याचा साठा आहे. महिनाभर पाणी मिळालं नाही तरी पानं थोडी मलूल होतील एवढंच, कंद मरणार नाही. ढगाळ उजेडात पानं लांबतात, तेही ऑक्टोबरात सावरतं.

दर आठवड्याला प्रत्येक कंद दोन बोटांनी चाचपा. हे कंटाळवाणं वाटेल, पण कूज दिसायच्या आधी बोटांना कळते. मऊ लागला तर त्याच दिवशी कुंडी मोकळी करा. वाट पाहिली तर शेजारचे कंदही जातात. मऊ कंद वेगळा काढा, सुरीने कुजका भाग पांढरा, कोरडा गर लागेपर्यंत कापा. तपकिरी कडं दिसत असेल तर अजून कापा, दर वेळी सुरी स्पिरिटने पुसा. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची भुकटी लावा. मग कंद वर्तमानपत्रावर, चिठ्ठी लावून, पंख्याच्या हवेत आठवडाभर ठेवा. बाहेर ठेवला तर जुलैत वाळणारच नाही. जखम कातड्यासारखी घट्ट झाली की नुसत्या धुतलेल्या कोरड्या वाळूवर बसवा आणि नवी मुळं दिसेपर्यंत पाणी देऊ नका. बूडच कुजलं असेल तर मात्र तो कंद सोडून द्या, मुळं तिथूनच फुटतात.

गणपती झाल्यावर उघडीप मिळाली तरी लगेच उन्हात नेऊ नका. चार महिने सावलीत काढलेली पानं एका दुपारीत करपतात. दसऱ्यापर्यंत थोडं थोडं सकाळचं ऊन वाढवत न्या.

९. कीड

पिठ्या ढेकूण हा खरा शत्रू. कापसासारखे पांढरे पुंजके पानाच्या बगलेत आणि कंदाच्या सालीखाली लपतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एक एक पुसा. नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. साल काढून पाहिल्याशिवाय कीड गेली असं समजू नका. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पानं खातात. रात्री बॅटरी घेऊन फिरा आणि वेचून काढा. मीठ टाकू नका, ते कुंडीत उतरतं.

१०. पिल्लं वेगळी करणं

दोन-तीन वर्षांत कुंडी कंदांनी भरते आणि कडेचे कंद बाहेर लटकू लागतात. त्याआधी वेगळे करायची घाई नको. निदान बोराएवढं झालेलं, स्वतःची मुळं असलेलं पिल्लूच काढा. काळ फेब्रुवारीचा. कंदांचा सगळा झुबका बाहेर काढून हाताने सोडवा, ओढून तोडू नका. चिकटलेलं असेल तर सुरीने कापा आणि जखम तीन-चार दिवस वाळू द्या. एका चार इंची कुंडीत तीन ते पाच कंद दाटीने लावले तर लवकर भरगच्च दिसतात, एकेकटं लावलेलं पिल्लू बराच काळ रुसल्यासारखं बसून राहतं.

कुणाला द्यायचं असेल तर माती झाडून, मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदी पिशवीत द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. सोबत चिठ्ठीवर तीन ओळी लिहा. कंद निम्मा वर ठेवून लावा, चार-पाच दिवस पाणी नको, हा खायचा कांदा नाही. घेणारा कणकुंबी-जांबोटीकडचा असेल तर पिशवीत मूठभर धुतलेली वाळूही घाला आणि मेमध्ये फोन करून कुंडी आत घ्यायची आठवण करा.